सातला दुकान वाढवते

कोर्टात खोटं बोललं की शिक्षा होते, हे मला ठाऊक होतं. खरं बोलूनही दुकान जायची पाळी येते, हे मात्र मला बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही सुनेकडून.

मी उज्ज्वला डांगरे. सावरखेडच्या कासारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. बाहेरची फळी धरून आठ फूट लांब, सहा फूट रुंद. आधी सासूबाई बसायच्या, मग आमचे हे, आणि हे गेल्यापासून अकरा वर्षं मी. मनगटावर नाडी मोजणाऱ्या पट्ट्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, आता तुमच्या बांगड्या संपल्या. कशाच्या संपतात! लग्न ठरलं की त्याच पोरी पट्ट्या पर्समध्ये टाकतात आणि माझ्यापुढे हात करतात.

झालं काय, की पालिकेला पेठेतून बिनचालकाच्या मालगाड्या न्यायच्या होत्या. म्हणून परवाने तपासायला काढले. परवान्यात एक अट आहे : दुकान मंजूर मापापेक्षा वाढवल्यास परवाना रद्द. माझं माप बरोबर होतं. मी बिनधास्त सुनावणीला गेले. पालिकेचे जाधवर साहेब म्हणाले, "मावशी, दुकानाच्या वेळा सांगा." मी सांगितल्या. "सकाळी दहाला दुकान उघडते आणि संध्याकाळी सातला वाढवते." जाता जाता हेही सांगितलं, की तुमच्या माणसांनी माप घेताना धक्का मारून माझ्या चार डझन बांगड्या वाढवल्या. ते सगळं नोंदणीच्या यंत्रानं ऐकलं आणि तिथल्या तिथं इंग्रजी करून कागदावर टाकलं. पुढे कुणी आवाज ऐकला नाही, सगळ्यांनी कागद वाचला.

महिन्याभरानं परवाना रद्द झाल्याचा कागद आला. मी कपाळाला हात लावला.

माझी सून रेवा वकील आहे. बंगळुरात वाढली, मराठी बोलते पण तिचं मराठी म्हणजे नव्या कपड्यासारखं, घडी मोडलेली नाही. माझा तन्मय समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतो, महिन्यातून आठ दिवस घरी. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच. रेवानं माझी केस उच्च न्यायालयात नेली. आमच्या भागासाठी नवं खंडपीठ झालंय, बसनं तासाभरावर.

निकालाच्या दिवशी दुपारीच ती दुकानात आली आणि काळा कोट न काढताच पायरीवर बसली.

"आई, एक-एक झालं."

"म्हणजे?"

"दोन न्यायमूर्ती होते. बरुआ साहेब म्हणतात, दुकान हटवा. नंबियार मॅडम म्हणतात, राहू द्या. मतं समसमान."

"मग बरोबरीत सुटलो की! त्यांचं त्यांच्याकडे, आपलं आपल्याकडे."

"मॅच नाहीये, आई." ती हसली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. "उच्च न्यायालयात अशी फूट पडली की तिसरं मत घ्यावं लागतं. पूर्वी तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जायचं. त्यांना वेळ मिळेपर्यंत वर्ष, दोन वर्षं. आता नवा कायदा आलाय. तिसरं मत यंत्र देतं. आठवड्यात."

त्या यंत्राचं सरकारी नाव 'तृतीय मत प्रणाली'. कोर्टातले शिपाई आणि कारकून त्याला 'तिजवर' म्हणतात. खरं तर तिसऱ्यांदा लग्नाला उभा राहतो तो तिजवर, पण इथे दोघांचं जमलं नाही की हा तिसरा बोहल्यावर उभा, म्हणून तिजवर. मला ते नाव फार आवडलं.

रेवानं ते कसं चालतं तेही समजावलं. तिजवर स्वतःच्या मनानं न्याय करत नाही. तो खटल्यातलं एकेक वाक्य बाजूला काढतो आणि त्या वाक्याशिवाय निकाल काय लागला असता ते बघतो. असं हजारो वेळा करतो, कधी एक वाक्य काढून, कधी दोन, कधी दहा. बहुतेक वाक्यं काढली तरी निकालाला काही होत नाही. पण एखादं असं सापडतं, की ते काढलं की निकाल सरळ उलटा फिरतो. त्याला ते बिजागरी म्हणतात, कारण अख्खं दार त्याच्यावर फिरतं.

"आणि कायदा असा आहे," रेवा म्हणाली, "की बिजागरीचं वाक्य एखाद्या माणसाच्या तोंडचं असेल, तर त्या माणसाला समोर बोलावून, त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय यंत्रानं मत द्यायचं नाही. तुम्हाला बोलावलंय. बुधवारी."

"मी काय एवढं बोलले?"

तिनं कागद वाचला. इंग्रजी वाचायची आणि मराठी सांगायची. "तुमचं वाक्य असं, मी रोज संध्याकाळी सात वाजता माझं दुकान वाढवते. बरुआ साहेब म्हणतात, बाई स्वतःच कबूल करतात. संध्याकाळी गर्दीच्या वेळी माल रस्त्यावर मांडतात. पालिकेनं माप दुपारी घेतलं, म्हणून ते सापडलं नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. "अगं, सातला वाढवते म्हणजे... वाढवते! आवरते, कुलूप लावते आणि घरी येते!"

"म्हणजे दुकान बं–"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. "तो शब्द दुकानात नको."

रेवाचे डोळे मोठे झाले. मग तिनं कागदाची पुढची पानं भराभरा उलटली. "आणि हे? पालिकेच्या माणसांनी माझ्या चार डझन बांगड्या वाढवल्या. यावर निकालात लिहिलंय, की पालिकेनं अर्जदार बाईंना चार डझन बांगड्यांचा लाभच करून दिला आहे."

"कप्पाळ माझं!" मी म्हणाले. "बांगडी फु... तसं म्हणतात का कधी? सवाष्णीच्या हातातली बांगडी वाढवतात. नारळ वाढवतात. तुला तुझ्या घरी कुणी काही शिकवलं की नाही?"

ते मी बोलायला नको होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "पालिकेच्या सुनावणीला मी हजर होते आई. तुम्ही बोललात ते मी कानानं ऐकलं. मलाही वाटलं, तुम्ही माल बाहेर मांडता. मी तुमची वकील आणि मीच तुमच्यावर विश्वास नाही ठेवला. सरळ दयेची भीक मागत बसले."

त्यानंतर दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना ती म्हणाली, "आई, उपाय सोपा आहे. एकदा फूट पडल्यावर नवीन कागद देता येत नाही आणि मला मध्ये बोलताही येत नाही. पण तुम्ही बोलू शकता. तुम्ही फक्त तो दुसरा शब्द उच्चारा. एकदाच."

"नाही."

"दुकान जाईल, आई!"

"जाऊ दे. पण माझ्या तोंडानं नाही घालवणार."

तिला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली. पेटलेच होते. पण का, ते मी तिला सांगितलं नाही. तन्मयलाही कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी कोर्टात गेले. माझी पाचावर धारण बसली होती, पण इरकल नेसले होते आणि दोन्ही हात भरून लाखेच्या बांगड्या घातल्या होत्या. म्हटलं, जायचंच तर वाजतगाजत जाऊ. वर दोन न्यायमूर्ती. बरुआ साहेब आसामकडचे, पांढरे केस, चष्मा नाकावर. नंबियार मॅडम केरळच्या, चेहऱ्यानं प्रेमळ. दोघांनाही मराठीचा गंध नाही, त्यांच्या कानात भाषांतर ऐकायची बटणं. मधली खुर्ची रिकामी. तिच्यामागे भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत :

वाढवणे – जास्त करणे : ९६. अन्य अर्थ : ४.

"नमस्कार, उज्ज्वलाबाई," तिजवर बोलला. आवाज बाईचा नाही, बाप्याचा नाही, पण नम्र. "एखाद्या शब्दाचा अर्थ मी त्याच्या संगतीवरून ओळखतो, त्याच्याबरोबर कोणते शब्द येतात त्यावरून. कोर्टाच्या कागदांत हा शब्द भिंत, कुंपण आणि मजले यांच्याबरोबर आला आहे. आपल्या तोंडी तो कसा येतो ते मला ऐकायचं आहे. आपण रोज सातला दुकान किती वाढवता?"

"किती म्हणजे? सगळंच वाढवते. अर्धंमुर्धं कुणी वाढवतं का?"

पडद्यावर ९९ झालं. रेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वाढवल्यानंतर किती गिऱ्हाइकं येतात?"

"वाढवल्यावर कशाला येतील? एखादी धावतपळत आलीच तर मी म्हणते, बाई गं, आत्ताच वाढवलं, उद्या ये."

आकडा धाडकन ७४ वर आला. मला जरा हुरूप आला.

"आणखी काय काय वाढवता?"

"देवापुढे नारळ वाढवतो."

"एक नारळ वाढवल्यावर किती होतात?"

"दोन भकलं."

झालं! ८१. अख्ख्या कोर्टात हशा पिकला. भाषांतर कानात पोचल्यावर नंबियार मॅडमही मागाहून हसल्या. मी चिडले. "अरे बाबा, नारळ दोन नाही होत, एकाचे दोन तुकडे होतात! आणि बांगडी वाढवली की तुकडे मोजत बसते का मी? केरात टाकते. हाताला लागू नये म्हणून आधी कागदात बांधते."

५८. मग तिजवरानं नवाच प्रश्न काढला.

"बाई, या शब्दाऐवजी दुसरा एखादा शब्द वापरता येईल का?"

"येईल. पण मी वापरणार नाही."

"कारण सांगाल?"

रेवा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, एवढ्या लोकांपुढे कशाला. पण मग म्हटलं, सांगूनच टाकू.

"अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली, ती दुकानातच. मी घाबरून शेजारच्या बाईला ओरडून सांगितलं, तो शब्द वापरून सांगितलं, की आमचं दुकान तेवढं तसं कर. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द दुकानाच्या दारात काढला. हे तिसऱ्या दिवशी गेले. दुकान सात महिने उघडलं नाही. शब्दानं कुणी मरत नाही, हे मला कळतं. मी काही अडाणी नाही. पण त्या सात महिन्यांत मी कशी राहिले ते मला ठाऊक. पुन्हा तो शब्द माझ्याच्यानं निघत नाही, बाबा. त्या शब्दाच्या जागी आम्ही वाढवते म्हणतो. वाईटाच्या जागी चांगला शब्द ठेवतो, एवढंच."

रेवा रडत होती, उघड उघड, वकिलाच्या जागेवर बसून.

"ज्या शब्दाच्या जागी हा शब्द येतो, तो शब्द कोणता?" तिजवरानं विचारलं.

"तोच तर सांगत नाहीये!"

पडद्यावर आकडा हळूहळू उतरला आणि थांबला. ५०. दुसऱ्या बाजूलाही ५०.

मागून कुणीतरी कारकून कुजबुजला, "घ्या! तिजवराचंही जमेना." बरुआ साहेबांनी चष्मा काढून पुसला. दोघांची फूट, आणि ती सोडवायला आणलेल्या तिसऱ्याच्याही पोटात फूट. म्हटलं, उज्ज्वला, एक शब्द बोलली असतीस तर काय जाणार होतं तुझं?

"जो शब्द उच्चारला नाही त्याचं वजन मला धरता येत नाही," तिजवर म्हणाला. "पण कायद्यात स्थळपाहणीची सोय आहे. उज्ज्वलाबाई, आपण बोलून दाखवत नसाल, तर करून दाखवाल का?"

"करून? रोजच करते. या की संध्याकाळी."

आणि आले हो! शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला पेठेच्या तोंडाशी कोर्टाच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. बरुआ साहेब, नंबियार मॅडम, पालिकेचे जाधवर साहेब, आणि एक कोर्टाच्या बाई, त्यांच्या हातात ताटाएवढा पडदा. त्यात तिजवर. तन्मयसुद्धा सुट्टी काढून आला होता. पेठेत कुणाच्या घरी स्वयंपाक झाला नसावा, कारण सगळ्या बाया रस्त्यावर. वरच्या गच्चीवरून पोरं लोंबकळत होती. कुणी कुणी तर साहेबांसाठी खुर्च्याही आणल्या.

"मावशी, नेहमीसारखंच करा हं," जाधवर साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फीत धरली आणि मोठ्यानं वाचलं, "आत्ता आठ फूट."

मी म्हटलं, आता बघाच.

खिळ्यांवरच्या हिरव्या माळा उतरवल्या. काचेच्या बांगड्यांची खोकी आकारानं लावली, लहान वर, मोठी खाली. लाखेच्या वेगळ्या. बसायची गादी झटकली. आरसा उलटा केला. दिव्याचं बटण दाबलं. मग बाहेरची फळी उचलून आत लावली, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, ते दोनदा ओढून पाहिलं, आणि कुलपाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मला स्वतःच्याच दुकानात पहिल्यांदा लाज वाटत होती, नव्या नवरीसारखी.

मी वळले आणि म्हणाले, "वाढवलं."

जाधवर साहेबांनी पुन्हा फीत लावली. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग त्यांना हसू आवरेना. "साहेब, वाढवल्यावर दुकान दीड फुटानं कमी झालंय!"

पेठ हसून हसून बेजार झाली. ताटाएवढ्या पडद्यावर 'जास्त करणे'पुढे शून्य उमटलं.

"माझं मत तयार आहे," तिजवर म्हणाला. "पण ते देण्याआधी दोन्ही न्यायमूर्तींना विचारणं मला बंधनकारक आहे. कुणाला आपलं मत बदलायचं आहे का?"

बरुआ साहेब खुर्चीतून उठले. कुलपाजवळ आले, वाकून त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते इंग्रजीत बोलत होते आणि तिजवर मागोमाग मराठीत सांगत होता. "मी या बाईंचं वाक्य वाचलं होतं. बाईंना ऐकलं नव्हतं. चूक माझी आहे, यंत्राची नाही, कारण कागदाखाली सही मी केली. माझं मत मी मागे घेतो. परवाना कायम."

"दोन विरुद्ध शून्य," तिजवर म्हणाला. "तिसऱ्या मताची गरज उरलेली नाही." पुढे म्हणाला, "हा शब्द असलेले आणखी एकतीस निकाल मला सापडले आहेत. ते पुन्हा तपासावेत अशी मी शिफारस करतो. त्यांतल्या नऊ जणांनी फक्त नारळ वाढवला होता."

मग काय विचारता! शिट्ट्या काय, टाळ्या काय. समोरच्या हलवायानं पेढ्यांचं ताट आणलं. न्यायमूर्तींनी पेढा घेतला नाही, त्यांना चालत नाही म्हणे, पण नंबियार मॅडमनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी मल्याळीत बोलल्या. तेवढं भाषांतर तिजवरानं केलं नाही. गरजही नव्हती. मी खुळ्यासारखी रडत होते आणि हसत होते. तन्मयनं मला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, त्याला म्हटलं, मेल्या, कंबर मोडेल माझी.

गाड्या गेल्या. बाया एकेक करून घरी गेल्या. तन्मय पेढे वाटायला पेठभर फिरत होता. रेवा मात्र पायरीवर बसून राहिली, कोट मांडीवर घेऊन.

"काय गं?"

तिनं दोन्ही हात पुढे केले. "मला भरा ना, आई. हिरव्या. आत्ता."

मी कुलपाकडे बघितलं. आमच्यात एकदा वाढवलेलं दुकान सकाळपर्यंत कुणी उघडत नाही. सासूबाईंनी कधी उघडलं नाही, ह्यांनी नाही, अगदी कलेक्टरच्या बायकोसाठीसुद्धा नाही. रेवाला ते ठाऊक असावं, आजकाल ती सगळं विचारून घेते, कारण तिनं लगेच हात मागे घेतले.

"सॉरी. आता उघडता येत नाही ना? चालेल, उद्या."

मी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि शटर असं वर ढकललं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"ये आत," मी म्हणाले. "कुणाला विचारायचंय? दुकान आपलं आहे."